पुसलेली बारी

डेथ मेटलची गाणी म्हणजे नुसता आरडाओरडा, असं ज्याला म्हणायचंय त्यानं खुशाल म्हणावं. माझ्या दुकानात येऊन म्हणू नये, एवढंच. सोनईत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. लोक जळालेल्या मोटारी घेऊन येतात, बाकड्यावर टेकतात, कोपऱ्यातल्या टेपवर काय चाललंय ते ऐकतात आणि विचारतात, "राधाकृष्णशेठ, आत कुनाला मारताय का काय?" नाव राधाकृष्ण आणि ऐकतो हे, म्हणून वर हसतात. मी म्हणतो, ऐकायचं तर ऐक, न्हाईतर उचल मोटार आणि लाग वाटेला. कुणी उचलत नाही. माझ्यासारखी मोटार भरणारा पंचक्रोशीत दुसरा नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. हा ताठा मी सगळीकडंच मिरवला, आणि त्यापायी माझ्या जिवाभावाच्या मित्राचं होतं नव्हतं ते घालवलं. तेच सांगायला बसलोय.

खूळ लागलं नव्याण्णव साली, नगरच्या आयटीआयला. मी, घोडेगावचा गहिनीनाथ आणि आमच्याच सोनईचा अमृत, तिघं एका खोलीत राहायचो. पुण्याच्या एका पोरानं एक कॅसेट दिली. कॉपीची कॉपी, वर नाव नाही का गाव नाही. लावली तर वाटलं, टेपात फीत अडकली. अमृत बंद करायला उठला तर गहिन्यानं त्याचा हात धरला.

गहिन्याचा बाप त्याच्या आदल्याच महिन्यात गेला होता. धडधाकट माणूस, जनावरांचा दलाल, बाजारातून घरी आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या कलंडला. दहाव्याला जो येईल तो गहिन्याच्या पाठीवर हात ठेवून सांगत होता, रडू नको, सगळं ठीक होतं, वर बसलेला बघतोय. ह्या कॅसेटीत असलं काही नव्हतं. इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं, पण मतलब कळत होता. माणूस मरतो, सडतो, हाडं उरतात, आणि हे लई वाईट आहे. गहिन्या तासभर टेपाला चिकटून बसला आणि म्हणाला, "राध्या, एवढेच लोक खरं बोलत्यात रे."

लोक मला विचारतात, पंचवीस वर्षं तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही का? त्यांना मी हे सांगत नाही. त्यांना मी मोटारीचा भाव सांगतो.

तर मग बँड काढला. नाव ठेवलं मसनवटा. अमृत गिटार, मी ड्रम, गहिन्या गायला. गायला म्हणजे, तो खालून येणारा आवाज काढायचा त्याला आम्ही डुरकी म्हणायचो. पायानं माती उकरत बैल पोटातून काढतो ना, तीच डुरकी. बाहेरच्या देशातली पोरं ती शिकायला वर्षं घालवतात. गहिन्या घोडेगावच्या बाजारात जनावरांत वाढलेला, त्याला काय शिकवायचं? गणपतीत आमचा पहिला कार्यक्रम झाला. दुसऱ्या गाण्याला एका म्हातारीला वाटलं, पोराच्या अंगात आलंय. ती हळदकुंकू घेऊन स्टेजवर चढली, गहिन्याला मळवट भरला आणि पायावर डोकं ठेवून विचारलं, "देवा, माझी सून कवा नांदायला येईल?" गहिन्या डुरकी न थांबवता आशीर्वाद देत होता. अमृत हसून हसून स्टेजवरून पडला. मग मंडळाच्या अध्यक्षानं वायर उपटली.

आमचं एक गाणं खरं होतं. बाकीची पोरकट होती, मी कबूल करतो. खरं गाणं 'सांगाडा'. दोन हजार तीनच्या दुष्काळात लोक जनावरं घेऊन बाजारात यायचे, घेणारा कुणी नसायचा, आणि परत नेण्याइतकंही बळ जनावरात नसायचं. रस्त्याकडंला पडायची. गहिन्यानं त्यावर लिहिलं. "कातडं गेलं, मांस गेलं, दावं तेवढं गळ्यात राह्यलं." साडेचार मिनिटांचं गाणं. ते आमच्याकडून कधीच रेकॉर्ड झालं नाही.

त्याला कारण माझा नियम. गाणं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेपवर घेतलं की त्याला आम्ही बारी म्हणायचो, शर्यतीतल्या बैलांच्या बारीसारखं. बारी चुकली की फीत मागं फिरवायची आणि तिच्यावरच दुसरी बारी घ्यायची. तुकडे जोडायचे नाहीत, चुकलेलं ठेवायचं नाही. कोऱ्या कॅसेटी मिळायची मारामार होती तेव्हाची ही गोष्ट, पण मी त्याचा धर्मच करून टाकला. दर वेळी कुठंतरी काहीतरी चुकायचं, आणि मी पुसायचो. मग अमृत पुण्याकडं कंपनीत लागला, माझं लग्न झालं, गहिन्यानं बापाची दलाली धरली. मसनवटा बंद पडला.

गेल्या दिवाळीनंतर गहिन्याचा आवाज बसला. मावा खायचा ना बेणं, दिवसाला चार पुड्या. किती शिव्या दिल्या असतील मी. नगरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, कॅन्सरची गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक राहील, आवाज येणार नाही. घोडेगावात लोक म्हणायला लागले, असल्या डुरक्या मारल्यावर घसा जायचाच. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे तंबाखूनं झालंय, पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?

फेब्रुवारीतली गोष्ट. गहिन्या दुकानात आला, बाकड्यावर बसला. आवाज फाटलेला, चाळणीतून आल्यासारखा.

"सोमवारी भरती व्हायचंय," तो म्हणाला. "रविवारी सांगाडा घेऊ."

"येड लागलं का? डॉक्टर काय म्हणले?"

"डॉक्टर म्हणले, आवाज जानार. जानारच हाय तर एकदा वापरू दे की." मग हसला. "धंद्याची काळजी न्हाई. बाजारात भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो, त्याला कुठं आवाज लागतो? पन निकीसाठी ठेवायचंय."

निकिता त्याची एकुलती पोरगी, अकरावीला. मी म्हणालो, तिच्यासाठी चार गोष्टी मोबाईलवर बोलून ठेव, बापाचा आवाज राहील.

"ते लई हाय तिच्याकडं. जेवली का, फी भरली का, गाडी हळू चालव. मी काय हुतो ते कुठं हाय?"

मी उठलो आणि माळ्यावरून टेप डेक काढला. आठवडाभर दुकानाचं काम बाजूला ठेवून त्याचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं, मोटार नव्यानं भरली. दोन हजार एक सालापासून एक कोरी कॅसेट प्लास्टिकसकट जपून ठेवली होती. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. ती काढली.

रविवारी सकाळी गहिन्याच्या कांदाचाळीत ड्रम मांडले. उन्हाळी कांदा यायचा होता, चाळ रिकामी होती. पूर्वीही आम्ही तिथंच वाजवायचो. अमृत पुण्याहून गाडी घेऊन आला, टक्कल पडलेला, गिटारीबरोबर लॅपटॉप घेऊन.

"परत्येकाचा माईक वेगळा लावू," तो म्हणाला. "चुकलं तर ज्याचं चुकलं त्यानं तेवढंच परत वाजवायचं. गहिन्याला तरास न्हाई."

"लॅपटॉपवरचं डेथ मेटल म्हणजे पावडरच्या दुधाचा चहा," मी म्हणालो. "ठेव तो गाडीत."

"राध्या, माणूस आजारी हाय."

"म्हणूनच खरं व्हायला पाहिजे. टेपवर, तिघांनी एकदम, एका दमात. जमत नसंल तर जा परत."

अमृतनं गहिन्याकडं बघितलं. गहिन्यानं मान हलवली, राध्या म्हणतोय तसं. अमृत लॅपटॉप गाडीत ठेवून आला.

निकिता मोबाईल घेऊन दारात उभी होती, शूटिंग करायला. मी तिच्यावरही खेकसलो. "बंद कर ते. हे बघायचं नसतं, ऐकायचं असतं. टेपवर येईल तेच खरं. जा, घरात जाऊन बस." पोरगी कधी उलटून बोलत नाही. "बरं काका," म्हणाली आणि गेली. घर चाळीपासून शेत ओलांडून पलीकडं.

तिची आई, पंकजावहिनी, मात्र गेली नाही. पदर खोचून माझ्यासमोर आली. "भावजी, डॉक्टरांनी बोलू बी नका म्हनून सांगितलंय. ह्यांची हौस म्हनून मी गप हाय. पन एकदाच. एकदा म्हंजी एकदा."

"शब्द देतो वहिनी. एकदाच."

टेपाची दोन बटणं दाबली आणि सुरुवात केली.

काय सांगू, आईशपथ. बोलताना फाटणारा त्याचा आवाज डुरकीला लागल्याबरोबर कुठून खालून, पार जमिनीतून आल्यासारखा आला. पंचविशीतही त्यानं असं गायलं नव्हतं. तेव्हा तो मरणाबद्दल गायचा, आता ते त्याच्या घशात बसलेलं होतं आणि तो त्याला शिव्या घालत होता. "दावं तेवढं गळ्यात राह्यलं" म्हणताना त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला. मला ड्रम दिसेनात, डोळे भरले. शेवटची डुरकी थांबली आणि बाहेर बांधलेल्या खोंडानं तिला उत्तर दिलं, चांगलं लांबलचक. अमृत हसत होता आणि रडत होता. गहिन्या घाम पुसत खाली बसला आणि त्यानं आमच्याकडं असं बघितलं, जसा पोरगा पहिला नंबर आल्यावर घरच्यांकडं बघतो.

मी टेप थांबवला आणि म्हणालो, "माझी डबल चुकली."

डबल म्हणजे दोन्ही पायांनी एकाच ढोलावर न थांबता ठोके द्यायचे. तिसऱ्या कडव्याला माझा डावा पाय एक ठोका मागं पडला होता. डोळे भरले म्हणूनच पडला होता. जगात कुणाला कळलं नसतं. मला कळलं होतं.

"भाड्या, चुकू दे," अमृत म्हणाला. "आपन ऐकतो त्या जुन्या कॅसेटीत काय कमी चुका हायेत? म्हनून तर त्या जित्या वाटत्यात."

"त्यांच्या चुका त्यांच्यापाशी. सांगाडा वीस वर्षं थांबलाय, आता लंगडा ठेवायचा का?"

मी गहिन्याला विचारलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी मनात किती वेळा म्हटलं, त्यानं हो म्हटलं होतं ना! त्यानं हो म्हटलं. थकलेला होता, पण खुशीत होता. "मरनाला काय कळतंय तुझी डबल?" म्हणाला, आणि मग, "पन नियम म्हंजी नियम. फिरव मागं." त्याला माझा स्वभाव माहीत होता. आयुष्यभर त्यानं माझा हट्ट पुरवला, तसा हाही पुरवला.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, शब्द दिला हुता." मी म्हणालो, "पाच मिनिटं वहिनी, एवढंच."

आणि मी फीत मागं फिरवली. अहो, साठ मिनिटांची कॅसेट! त्या बाजूला पंचवीस मिनिटं कोरी फीत पुढं पडली होती. दुसरी बारी तिथून घेतली असती तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण बारी चुकली की तिच्यावरच घ्यायची, हे हातांत इतकं मुरलं होतं की डोक्यात दुसरा विचारच आला नाही. फिरवली मागं, अगदी सुरुवातीला, आणि दाबली दोन्ही बटणं.

दुसऱ्या बारीला मी डोळे घट्ट मिटून घेतले, परत भरून येऊ नयेत म्हणून. पहिलं कडवं चांगलं गेलं. दुसऱ्या कडव्यात गहिन्याचा आवाज एकदम फुटला, घरघरला, ओला झाला. मला वाटलं, हा काहीतरी नवीन करतोय. खोटं का बोलू, मला ते आवडलं. मी पाय आणखी नेटानं मारायला लागलो. अमृत माझ्या नावानं बोंबलला तेव्हा डोळे उघडले. गहिन्या गुडघ्यावर होता, आणि त्याच्या शर्टावर, हातावर, माईकवर रक्त होतं.

मग सगळी पळापळ. वहिनींचा पदर त्याच्या तोंडाला, निकिता घरातून पळत आलेली, अमृतनं गाडी काढली, तासाभरात नगर. गाठीतून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी ते थांबवलं आणि ऑपरेशन एक दिवस अलीकडं घेतलं. मला शिव्या दिल्या, त्या मी खाली मान घालून ऐकल्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, "एकदाच म्हनले हुते मी." परत माझ्याशी बोलल्या नाहीत.

सोमवारी ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं, जीव वाचला. मंगळवारी मी घोडेगावला सामान आवरायला गेलो. जाताना मनात एकच हिशेब मांडत होतो. दुसरी बारी दोन मिनिटांतच थांबली. म्हणजे तिच्या पुढं पहिल्या बारीचा शेवट तसाच राहिला असणार. अडीच मिनिटं. ती ओळ, ती शेवटची डुरकी, ते खोंडाचं उत्तर. तेवढं राहिलं तरी लई झालं. गाडीवर मी मोठ्यानं देवाचं नाव घेत होतो, आणि मी देवाचं नाव घेणाऱ्यातला नाही.

चाळीत गेलो. टेपाची बटणं वर आलेली, फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळलेली. पळापळीत टेप कुणी बंद केलाच नव्हता. आम्ही गाडीत बसून गेलो आणि तो रेकॉर्डिंगवर तसाच चालू राहिला, रिकाम्या चाळीत, बाजू संपेपर्यंत, पुढचं सगळं पुसत. मी ऐकून बघितलं. खोकला, वहिनींची किंकाळी, गाडीचा आवाज, आणि मग वीस-पंचवीस मिनिटं नुसत्या चिमण्या. एक बटण दाबायचं राहिलं. तिथंच मातीत बसून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

मग निकिताची आठवण आली. आजकालची पोरं कुठं कुणाचं ऐकतात? मी खेकसलो म्हणून काय झालं, खिशात मोबाईल चालू ठेवला असेल, खिडकीतून धरला असेल. तसाच नगरला गेलो. ती दवाखान्याच्या जिन्यात डबा घेऊन बसली होती.

"निके, खरं सांग, मी रागावनार न्हाई," मी म्हणालो. "त्या दिवशी तू गुपचूप रेकॉर्डिंग केलं ना? थोडंसं? मी तुझ्या पाया पडतो, केलं आसंल तर सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली. "न्हाई काका. मोबाईल बंद केला मी. तुमी न्हाई म्हनालात ना."

"थोडंसुद्धा न्हाई?"

"न्हाई. घरातून लांबूनच ऐकू आलं थोडं." मग तिनं विचारलं, "पन टेपवर हाय ना काका? तुमी म्हनाला हुता, टेपवर येईल तेच खरं."

मी तिला हो म्हणालो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, एवढ्याशा पोरीशी जिन्यात खोटं बोललो आणि चहा आणतो म्हणून निघून गेलो.

वीस दिवसांनी गहिन्याला घरी आणलं. मी चार वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो. पाचव्या वेळी त्यानंच मला खिडकीतून बघितलं आणि हात केला. खाटेवर बसला होता, गळ्याला जाळीचा रुमाल, त्याखाली नळी. श्वासाची शिट्टी ऐकू येत होती, बाकी काही नाही. मांडीवर निकिताची लहानपणची पाटी. माझा हात धरून त्यानं शेजारी बसवलं आणि पाटीवर लिहिलं, "टेप लाव."

"राहू दे गहिन्या. काय न्हाई त्यात. टेप चालूच राह्यला, सगळं पुसलं."

निकिता आतून आली होती. तिनं ऐकलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनी चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या.

गहिन्यानं पुसून परत तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात. पाचही वेळा मी टेप गाडीला बांधूनच आलो होतो. आणला. लावला.

पहिलं कडवं झालं. निकिता पुढं सरकली, बापाचा तो आवाज आता कुठं जवळून ऐकत होती. मग दुसरं कडवं, आणि तो ओला, फुटलेला आवाज. माणूस गुदमरतोय हे आता कुणालाही कळलं असतं, आणि त्याच्यावर माझे ड्रम, जोरात, आणखी जोरात, न थांबता. खोकला चाललाय आणि ड्रम चाललेत. अमृतची बोंब आली तेव्हा कुठं ते थांबले. मी टेप बंद केला. मला वर बघवेना.

पाटीवर पेन्सिल वाजली. गहिन्यानं पाटी माझ्यासमोर धरली. टोमणा असता तर मला सोसला असता, पण त्याच्या तोंडावर कुठं टोमणा नव्हता. हट्टी पोराची समजूत घालतात तसा तो बघत होता. लिहिलं होतं, "ह्या बारीला डबल बरोबर आली."

बरोबरच आली होती. एक ठोका इकडचा तिकडं नाही. मी त्याच्या मांडीवर डोकं टेकलं आणि वहिनींसमोर, पोरीसमोर हमसून हमसून रडलो. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं असावं, कारण निकिता म्हणाली, "पप्पा, पाटीवर लिवा."